आबांना काय आवडायचं

गर्ज्यांच्या घरात पाण्याची टंचाई दर उन्हाळ्याला असायची, बोलण्याची मात्र कधीच नव्हती. झुंबरबाई चुलीपुढून बोलायला लागली की पार वेशीपर्यंत ऐकू जायचं, आणि थोरली लेक जया म्हणजे आईच्या वरताण. तिला मिरजगावला दिली तेव्हा गावातली माणसं म्हणाली, बरं झालं, आता जरा कर्जत तालुक्यालाही कळू दे. या दोन तोंडांच्या मधोमध गोरक्षनाथ गर्जे नावाचा माणूस राहिला, आणि पंचाहत्तर वर्षांत त्याने कुणाच्या 'अरे'ला 'कारे' केलं नाही. आडनाव बघा, गर्जे! देवालाही कधी कधी चेष्टा सुचते.

घरादाराचे ते आबा. जानेवारीतल्या एका सकाळी अंघोळ उरकून ओट्यावर उन्हाला बसले, पाथर्डीला नर्सिंग शिकायला जाणाऱ्या नातीला, धनश्रीला, "पळ, तुजी गाडी जाईल," एवढं म्हणाले आणि भिंतीला टेकले. ते टेकलेच. कुणाला दवाखान्याची धावपळ नाही, की कुणाला उशापायथ्याचं जागरण नाही. गेले तेसुद्धा कुणाची गैरसोय न करता. मुलगा वैजनाथ आणि सून ज्योती ऊसतोडीवर होते, ते कोयते टाकून आले. जया मिरजगावहून आली ती फाट्यापासूनच गळा काढत आली, आणि तिचं रडणं ऐकून ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला भावकी जमली, आणि तिथंच पहिली अडचण झाली. आमच्याकडची रीत अशी, की सावडून झालं की त्या जागेवर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही ठेवायचं. कुणाला बिडी ठेवतात, कुणाला तंबाखूची पुडी. एखाद्याला हळूच क्वार्टरही ठेवतात, आणि म्हातारी माणसं तेवढ्यापुरती दुसरीकडं बघतात. आता आबांना काय ठेवायचं? बिडी नाही, तंबाखू नाही, दारूचा तर वासही नाही. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

शेवटी कारभारी पुढं झाला. कारभारी म्हणजे आबांचा जन्माचा सोबती. वीस-पंचवीस हंगाम दोघांच्या बैलगाड्या तोडीच्या वाटेला पुढंमागं चालल्या होत्या. त्याने स्वतःच्या बंडीच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि राखेपाशी ठेवली.

"कारभारीनाना, आबा खात नव्हते की," वैजनाथ म्हणाला.

"ठावं हाय मला. पन तिकडं कुनी मागितली तर गोरखजवळ आसलेली बरी. त्याला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई."

रडता रडता माणसं हसली. जया मात्र हसली नाही. तिला तो अपमान वाटला. पंचाहत्तर वर्षं माणूस या घरात जेवला आणि त्याला काय आवडायचं हे कुणाला सांगता येऊ नये? आणि जिला ते पक्कं माहीत होतं तिला कुणी विचारूही नये?

"मला इच्यारा की," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "आबांना शेंगोळे आवडायचे. माज्या हातचे. दहाव्याला पानावर दुसरं कायबी ठिवा, शेंगोळे माजे जातील."

भावकीने माना हलवल्या. हे मात्र खरं होतं. आबा आणि जयाचे शेंगोळे, ही गोष्ट साऱ्या गावाला तोंडपाठ होती, कारण जयाने ती सगळ्यांना निदान दहा-दहा वेळा सांगितली होती.

गोष्ट अशी. जया दहा वर्षांची होती तेव्हा आई-बाप दोघं लेकरांना घेऊन राहात्याच्या बाजूला तोडीला गेलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे एक माणूस पडला की कोयता अर्धा. एके दिवशी झुंबरबाई तापाने फणफणली आणि उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, पडून राहिली. आबा एकटेच फडात गेले. जयाने ठरवलं, आज स्वयंपाक आपण करायचा. हुलग्याचं पीठ होतं, लसूण होता. आईला करताना पाहिलेलं होतं. पीठ मळलं, हातावर वळून वेडेवाकडे शेंगोळे केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. दिवस कलताना आबा आले. जयाने वाढलं. आबांनी एक घास घेतला, लेकीकडं बघितलं, आणि मग मुंडी खाली घालून सगळं पातेलं संपवलं. आजारी बायकोला दूधभाकरी कुस्करून दिली, धाकट्या वैजनाथाला गूळभाकरी दिली, पण शेंगोळे कुणाला दिले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "लई झ्याक झालेत. अजून हायेत का?"

अजून हायेत का! जयाच्या आयुष्यात बापाने मागितलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. या तीन शब्दांवर ती चाळीस वर्षं जगली म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन मिरजगावला गेल्यावर आबा जेव्हा जेव्हा तिच्याकडं आले, तेव्हा तेव्हा शेंगोळे झाले. जयाचा नवरा म्हणायचा, अगं म्हाताऱ्याला एखाद्या वेळी पुरणाची पोळी घाल. जया म्हणायची, तुमाला काय कळतंय. आणि आबा मुंडी खाली घालून खायचे, आणि ती बघत बघत वाढायची. आणखी वाढू का? आबा मान हलवायचे.

तर नवव्या दिवशी दुपारी जया सोप्यात पाट मांडून बसली. मिरजगावहून स्वतःच्या शेतातल्या हुलग्याचं पीठ तिने मागवून घेतलं होतं. लसूण सोलून झाला होता. दहाव्याचा विधी सकाळी आठ वाजता ओढ्याकाठी, तेव्हा पीठ आजच मळून ठेवायचं होतं. धनश्री शेजारी बसून बघत होती. ही पोरगी आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. वैजनाथ आणि ज्योती दर दिवाळीनंतर तोडीला गेले की सहा महिने ती आजी-आजोबांकडं असायची. आजी वेणी घालताना केस ओढायची म्हणून तिची वेणीसुद्धा आबा घालायचे. गोफणीचे पेड घालणारा हात तो, संध्याकाळपर्यंत वेणी हलायची नाही. धनश्रीलाही बोलणं कमीच होतं, बहुतेक तिथूनच आलेलं.

"आत्या," ती म्हणाली, "शेंगोळे नका करू."

"का गं?"

"आबांना चालायचे नाहीत."

जयाचा हात पिठातच थांबला. "काय चालायचं न्हाई? तुला काय ठावं? तुज्या जन्माच्या आधीपासून खात्यात ते."

"हो. आणि तुमच्याकडून आले की दोन दिवस ओवा चावत लिंबाखाली पडून राहायचे. पोटात आग व्हायची त्यांच्या. हुलगा सोसायचाच नाही. मी कितीदा म्हटलं, आत्याला सांगते. तर म्हणायचे, तिला सांगू नगंस, ती हौसेनं करती."

"खोटं बोलतीस तू!" जया एवढ्या जोरात ओरडली की दावणीचा बैलही कान टवकारून बघायला लागला. "पहिल्यांदा केले तवा पातेलं चाटूनपुसून खाल्लं त्यांनी! अजून मागितले!"

धनश्रीचे डोळे भरून आले. पण ती बोलली. आबांची नात असली तरी एवढं तिला बोलता येत होतं. "आत्या, त्यात मीठ दोनदा पडलं होतं. आबांनीच सांगितलंय मला. म्हणाले, आजारी आजीनं खाल्ले असते तर तिला त्रास झाला असता, वैजूनं खाल्ले असते तर तो थुंकला असता, आणि मग तुम्ही रडला असता. म्हणून सगळे आपणच संपवले. अजून आहेत का ते विचारलं, ते उरलेत का बघायला."

जया तिथून उठली ती पिठाच्या हातानेच आईकडं गेली. झुंबरबाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. नऊ दिवसांत तिने धड घास घेतला नव्हता. भाकरीचा तुकडा हातात धरायची, मोडायची आणि परत ताटात ठेवायची. बोलणं तर बंदच झालं होतं. एवढी बोलकी बाई, पण नवरा गेला तशी तिच्या बोलण्याची चावीच कुणी काढून नेली होती.

"आये, आबांना हुलगं सोसत न्हवतं?"

झुंबरबाईने वर बघितलं. "भात्तरच्या दुष्काळात सा म्हैनं हुलगंच शिजत हुतं घरात. तवापासनं त्यांच्या पोटानं हाय खाल्ली. माज्या हातचं न्हाईच खाल्लं कधी. तुज्याकडं खायचे, तवा म्या म्हनलं, लेकीच्या हातचं मानवत आसंल."

"आन मला सांगितलं न्हाई!"

"त्यांनी मला सांगितलं तर मी तुला सांगनार ना!"

जया मटकन खाली बसली आणि दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडली. मिरजगावहून आली तेव्हा रडली त्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं, आवाज न करता रडणं. बाप गेला त्याचं दुःख होतंच. पण आपण त्याला चाळीस वर्षं त्रास देत होतो, हौसेने, वाढून वाढून, आग्रह करकरून, आणि तो मुकाट्याने खात होता, ही गोष्ट तिला सोसेना. आणि तिला रागही आला. हो, बापाचा राग आला. असं कुणी वागतं का? एकदा म्हणाला असता, जये, पुरे, तर तिने काय जीव दिला असता?

मळलेला हुलगा तिने उचलला आणि बैलापुढं ठेवला. बैलाने पाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. निदान त्याला तरी मनापासून आवडला.

मग तिने डोळे पुसले. जयाचं रडणं फार वेळ टिकत नसे, तिला लगेच काहीतरी करायला लागायचं. ती धनश्रीला म्हणाली, "मग सांग, त्यांना काय आवडायचं? उद्या पानावर तेच ठिवीन."

धनश्रीने खूप विचार केला. "माहीत नाही, आत्या. मी विचारलं की ते म्हणायचे, तुला काय आवडतं?"

"जेवताना काय मागून घ्यायचे?"

"जेवायचे कुठे आमच्याबरोबर! आम्ही सगळे जेवेपर्यंत दाराशी उकिडवे बसून बघत राहायचे. आबा, काय बघताय, म्हटलं की म्हणायचे, काय न्हाई, खा तू."

काय न्हाई, खा तू. हे मात्र जयालाही आठवत होतं. कोपीच्या दाराशी, घराच्या उंबऱ्याशी, मिरजगावच्या तिच्या स्वयंपाकघरातसुद्धा. कोपरं गुडघ्यांवर, तळवे एकमेकांत गुंतवलेले. पण त्याचं करायचं काय? पानावर ते वाढता थोडंच येतं.

ती तडक कारभारीकडं गेली. कारभारी खळ्यात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचत होता. तिने सगळं सांगितलं, शेंगोळ्यांचंही सांगितलं. स्वतःची फजिती सांगायलाही धाडस लागतं, ते तिच्यात होतं. कारभारी पेंढीवर बसला आणि बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला.

"पेरू," तो शेवटी म्हणाला.

"पेरू?"

"राहात्याचा. तिकडं तोडीला आसायचो तवा फडाशेजारी पेरूची बाग हुती. आमी पोरं कुंपनातून हात घालून तोडायचो. गोरख तसलं करनार न्हाई. रोज दुपारच्याला मालकाच्या दारात जाऊन उभा ऱ्हायचा. हात जोडून म्हनायचा, येक पेरू द्या. मालक हसायचा, म्हनायचा, गर्जे, पाटी भरून न्या. तर ह्यो न्हाई, येकच घ्यायचा. मुंडाशात खोचायचा आन चालू लागायचा. बघ पोरी, गोरखला कुनापुढं काय मागताना म्या उभ्या जन्मात तेवढंच बघितलं. आता माणूस जिवाला लागल्याबिगार मागंल व्हय?"

जयाला ते पटलं. पटायलाच हवं होतं. जो माणूस चहा मागत नाही तो परक्याच्या दारात जाऊन पेरू मागतो, म्हणजे केवढी आवड असेल! आणि आपण कधी साधा पेरू त्यांच्या हातावर ठेवला नाही. घरी येऊन तिने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सांगितली की कुणीतरी म्हणणार, तसं नव्हतं गं. चाळीस वर्षांचं हातातून गेलं होतं, आता हे एवढं तरी तिला राहू द्यायचं होतं.

दहाव्या दिवशी उजाडायच्या आत ती पहिल्या जीपने पाथर्डीला गेली. वैजनाथ म्हणाला, "आक्का, आज कुठं निघालीस? आठला विधी हाय." ती म्हणाली, "आले मी." जानेवारी म्हणजे पेरूचे दिवस. स्टँडजवळ गाडे लागत होते. पहिल्याच गाडेवाल्याला तिने विचारलं, "राहात्याचा हाय का?" तो म्हणाला, "राहात्याचाच की, मावशी." राजस्थानचा आहे का विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता, हे काय जयाला कळत नव्हतं? तिने वास घेऊन, दाबून, एकेक फळ निवडलं. पिवळसर, मऊ, देठ ओला असलेलं. आबांना दात नव्हते, हे पानावर ठेवायच्या पेरूबाबतही ती विसरली नाही.

परतीची जीप मात्र हलेना. शिटं भरल्याशिवाय पाथर्डीची जीप हललेली कुणी पाहिली आहे? सात वाजले, सव्वासात वाजले. जया ड्रायव्हरला म्हणाली, "आरं बाबा, माज्या बापाचं धावं हाय." ड्रायव्हर भला होता, म्हणाला, "दोनच शिटं, मावशी, दोनच." दोन शिटं यायला वीस मिनिटं लागली. मग वाटेत एक म्हातारी शेळी घेऊन चढली. तिला शेळीसकट आत घेईपर्यंत आठ वाजून गेले.

जया ओढ्यावर पोचली तेव्हा माणसं उठून धोतरं, लुगडी झटकत होती. तिला काही कळेना. दहाव्याला आमच्याकडं पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं तासतासभर ताटकळतात. आत्मा कशात तरी अडकलेला असतो म्हणतात. मग घरचे एकेक पुढं येतात, हात जोडून वचनं देतात. तुमच्या मागं आम्ही भांडणार नाही, धाकटीचं लग्न करू, विहिरीचं काम पुरं करू. ज्याची इच्छा बरोबर ओळखली जाते त्याचा कावळा शिवतो. जयाने जीपमध्ये हेच मनात घोकत आणलं होतं. कुणाच्या वचनांनी कावळा येणार नाही, सगळे थकतील, मग ती पेरू ठेवेल, आणि मग येईल.

"झालं?" ती धापा टाकत म्हणाली.

"शिवला की," कारभारी म्हणाला. "आगं, पान ठिवून महाराज मागं सुद्धा सरले न्हाईत, तवर खाली उतरला. वैजनाथ हात जोडून म्हनत हुता, आबा, धनेचं शिक्षान मी... तर आबांनी वाक्य पुरं हूं दिलं न्हाई."

"ते मी पुरं करून घेणारे," धनश्री मागून म्हणाली. पन्नासभर माणसांच्या देखत बापाचं मुंडण झालेलं डोकं होकारार्थी हललं, ते तिने बघून ठेवलं.

बायका जयाच्या भोवती जमल्या. "भाग्याचा मानूस गं. कशातच जीव अडकला न्हवता." "साधू मानूस." "सुटला बघ लगीच." सगळ्यांना बरं वाटत होतं. जयाचं मात्र डोकं फिरलं. ती पेरूची पिशवी घेऊन ओढ्याच्या काठाशी गेली आणि रिकाम्या पानाकडं बघून, ज्या आवाजाने ती मिरजगावच्या बाजारात भांडायची त्याच आवाजाने बोलली.

"आवं आबा, येवढी कसली घाई झालती! जल्मभर कुनाला ताटकळत ठिवलं न्हाई, मग आज ठिवायचं हुतं की! येकदा तरी अडून बसायचं! येकदा तरी म्हनायचं, मला हे पायजे, हे दिल्याबिगार मी हलत न्हाई! नको ते शेंगोळे चाळीस वर्सं खाल्लेत माज्यासाठी, आन आज अर्धा तास थांबवलं न्हाई तुमाला?"

ज्योतीने तिचा दंड धरला आणि तिला घरी आणलं.

पंगती झाल्या, पाहुणे पांगले. ऊन कलायला लागलं. जयाने पेरूची पिशवी पडवीत भिंतीशी टाकली होती, तिच्याकडं बघायचीही इच्छा नव्हती. झुंबरबाई नेहमीच्या जागी टेकून बसली होती. पंगतीतलं ताट तिच्यापुढं तसंच होतं, लापशीला बोटही लागलेलं नव्हतं.

"पेरवाचा वास येतोय," झुंबरबाई म्हणाली. दहा दिवसांत कुणी न विचारता ती बोललेली ही पहिली गोष्ट.

"मीच आनलेत," जया म्हणाली. "आबांच्या पानावर ठिवायला. कारभारीनाना म्हनले, आबांना राहात्याचा पेरू जिवापाड आवडायचा. मागून आनायचे म्हनं मालकाकडून."

झुंबरबाईच्या तोंडाचं बोळकं हळूहळू पसरलं. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही गळत होतं.

"त्यांना कुटला पेरू! त्यांनी जल्मात कधी पेरू तोंडात धरला न्हाई. पेरू मला लागतो गं. वैजनाथाच्या येळंला डोहाळे लागले हुते मला पेरवाचे. आन आमी तोडीवर. म्या येकदा नुसतं म्हनले, त्या बागेतून कसा वास येतोय बगा. तवापासनं रोज येक. मोळी बांधून झाली की मुंडाशातून काढायचे आन माज्या हातावर ठिवायचे. वैजनाथ झाला, तो चालायला लागला, तरी आनायचे. मागच्या बाजारपातुर आनला त्यांनी. माजे दात गेल्यावर चमच्यानं खरवडून द्यायचे, बिया काढून. धनेला इच्यार."

धनश्री दारात उभी होती. तिने मान हलवली. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, आत्या."

म्हणजे हेही चुकलं. शेंगोळे चुकले तसे पेरूही चुकले. जयाला वाटलं आता आपण पुन्हा रडणार, पण रडू आलं नाही. तिने पिशवी ओढली. सगळ्यांत मऊ पेरू बघून घेतला, धुतला, मधोमध चिरला. चमचा आणला, गर खरवडला. बिया काढायला तिला जमेना, ती धांदरट, अर्धा गर सांडला. धनश्रीने तिच्या हातातून चमचा घेतला आणि कसं करायचं ते दाखवलं. आबांनी तिला शिकवलं होतं. मग जयाने वाटीत गर घेतला, वरून चिमूटभर मीठ टाकलं, एकदाच, नीट बघून, आणि वाटी आईच्या हातात दिली.

झुंबरबाईने एक चमचा तोंडात घातला. डोळे मिटून चघळला. मग दुसरा घातला. "गोड हाय," ती म्हणाली. "राहात्याचा न्हाई, पन गोड हाय." तिसरा घातला. वाटी संपत आली तशी जयाने दुसरा पेरू चिरला.

कारभारी जाता जाता ओट्याशी थांबला होता. त्याने आत डोकावलं आणि तिथंच उभा राहिला. झुंबरबाई जेवत होती. दहा दिवसांनी त्या घरातलं कुणीतरी मनापासून खात होतं. आणि समोर, दाराशी, जया उकिडवी बसली होती. कोपरं गुडघ्यांवर, तळवे एकमेकांत गुंतवलेले. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. एवढी बोलकी बाई, पण एक शब्द बोलत नव्हती, नुसती आईच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की धनश्रीने तोंडावर ओढणी दाबून धरली.

झुंबरबाईचं लक्ष गेलं. तिचा चमचा हवेतच थांबला.

"काय बघतीस गं अशी?"

"काय न्हाई," जया म्हणाली. "खा तू."